संशोधकाला माहिती द्यावी, पण विचारून द्यावी



सुगी आटोपली, माणसे घरी सापडू लागली, की आपल्या गावांत पाहणी करणाऱ्यांची ये-जा वाढते. कुणी वैद्यकीय कॉलेजचे विद्यार्थी असतात, कुणी शेतकी विद्यापीठाचे, कुणी एखाद्या संस्थेचे. एकजण विचारतो, भातावर कोणते औषध किती वेळा फवारता? दुसरी विचारते, घरात साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार कुणाला आहे का? कुणी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेते. कुणी सोसायटीचे कर्ज, सावकाराचे कर्ज, दारूचे व्यसन, बाळंतपणे, सगळेच विचारते. पूर्वी त्यांच्या हातात वही असे, आता मोबाइल असतो. शेवटी एक कागद पुढे येतो आणि आपणांस सांगण्यात येते, "इथे सही करा", नाहीतर "इथे अंगठा द्या".

अशा वेळी आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. काही घरे म्हणतात, शिकलेली माणसे दारी आली आहेत, चहा करा आणि विचारतील ते सांगा. काही घरे म्हणतात, आम्हाला काही सांगायचे नाही, आणि दार लावून घेतात. आमच्या मते या दोन्ही तऱ्हा बऱ्या नव्हेत. शेजाऱ्याला बियाणे देताना आपण कंजूषपणा करीत नाही. पण कोण नेतो, किती नेतो आणि कोणत्या शेतात पेरणार, एवढे तरी विचारतोच. आपल्या घरची माहितीही तशीच द्यावी. ती कशी, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

माहिती का द्यावी?

आधी देण्याची बाजू पाहू. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात १९५७ साली माकडे पटापट मरू लागली, आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी माकडे, गोचिडी आणि आजारी माणसांचे रक्त तपासले, आणि हा ताप गोचिडीतून येणाऱ्या एका नव्या विषाणूचा आहे असे ठरले. आपण ज्याला माकडताप म्हणतो तो हाच. पुढे २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात हा ताप आला, तेव्हा काजूच्या बागेत आणि रानात जाणाऱ्यांना काय जपावे हे लगेच सांगता आले. त्या पहिल्या गावकऱ्यांनी रक्त दिले नसते तर हे ज्ञान आले असते कोठून?

दुसरे उदाहरण एड्सचे. २००५-०६ साली देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या रक्ताचे थेंब एच.आय.व्ही.साठी तपासले गेले. थेंबावर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता, आणि कोणता थेंब कोणाचा हे पुढे कोणालाही शोधता येऊ नये अशी व्यवस्था होती. त्या पाहणीमुळे आणि इतर तपासण्यांमुळे २००७ साली असे दिसून आले की देशात एच.आय.व्ही. असलेल्यांची संख्या आधी धरलेल्या पन्नास लाखांहून अधिक नसून सुमारे पंचवीस लाख आहे. पैसा आणि औषधे कोठे लावावी हे त्यावरून नीट ठरवता आले. नाव राखूनही सत्य कळते, हे या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे.

क्रमांक म्हणजे निनावी नव्हे

"तुमचे नाव कुठेही येणार नाही" असे पाहणीवाले सांगतात, आणि बहुतेक वेळा ते खरेच सांगतात. पण त्या शब्दांचा अर्थ दोन प्रकारचा असतो.

गिरणीत भाताची पोती टाकताना पोत्यावर क्रमांक घालतात आणि वहीत त्या क्रमांकासमोर नाव लिहितात. पोते पाहून ते कोणाचे हे कळत नाही, पण वही ज्याच्या हाती आहे त्याला कळते. पुष्कळशी संशोधने अशी चालतात. आपल्या उत्तरांवर क्रमांक असतो, आणि क्रमांक व नाव यांची यादी वेगळी, कुलपात ठेवलेली असते. याचा फायदा असा की रक्तात साखर वाढलेली आढळली तर आपणांस परत कळवता येते. तोटा असा की ती यादी भलत्याच्या हाती गेली तर सर्व उघडे पडते. दुसऱ्या प्रकारात यादीच राहत नाही. मग माहिती खरी निनावी होते, पण निकाल घरी कळवता येत नाही, आणि पुढे "माझी माहिती काढून टाका" म्हटले तरी कोणती काढावी हे कुणाला समजत नाही. आपली माहिती कोणत्या प्रकारची आहे, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. नाव काढून टाकले तरी माणूस ओळखता येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० नंतरच्या दशकात सरकारी नोकरांच्या आजारांची माहिती, नावे-पत्ते काढून, संशोधकांना दिली होती. लताना स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने वीस डॉलर देऊन एका शहराची मतदार यादी विकत घेतली, त्या यादीशी जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्या तीनच गोष्टी ताडून पाहिल्या, आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची दवाखान्यातील नोंद शोधून काढली. पुढे तिने हिशेब मांडला की त्या देशातील शंभरांतील ८७ माणसे या तीन गोष्टींवरून वेगळी काढता येण्याजोगी आहेत.

ही झाली मोठ्या देशाची कथा. आपली गावे तर लहान, आणि गावात ख्रिस्ती घरे त्याहून थोडी. समजा एखाद्या अहवालात छापून आले की "अमुक गावातील एक ख्रिस्ती शेतकरी, वय ५२, तीन एकर जमीन, रताळी आणि भात पिकवतो, मुलगा आखातात, पत्नीला क्षयरोग." नाव कोठेही नाही. पण एस.टी. स्टँडवर उभा असलेला कोणीही माणूस ते घर दाखवू शकेल. मुंबईत जे वर्णन हजारांत विरून जाते ते आपल्याकडे बोट दाखवल्यासारखे होते. म्हणून चांगला संशोधक गावाऐवजी तालुका लिहितो, ५२ ऐवजी "५० ते ६०" लिहितो, आणि ज्या गटात चारपाचच घरे आहेत त्याचे आकडे वेगळे छापत नाही. आपण थोडे लोक आहोत, तेव्हा ही विनंती आपण होऊन करावी. त्यात संकोच नको.

रक्त एकाचे, गोष्ट घरादाराची

आजाराची माहिती कधीच एकट्याची नसते. क्षय, फेफरे, मूल न होणे, मनाचा आजार, यांतील एक शब्द बाहेर पडला तर घरातल्या लग्नाच्या मुलीवर त्याचा परिणाम होतो, हे आपणांस सांगायला नको. रक्ताच्या तपासणीत तर हे अधिकच खरे. सिकलसेलसारखा आजार वंशपरंपरेने येतो. एका भावाच्या रक्तात त्याची खूण सापडली म्हणजे दुसऱ्या भावंडांविषयी, आईबापांविषयीही काहीतरी सांगून झाले.

अमेरिकेतील ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीत हवासुपाई नावाची एक लहान आदिवासी जमात राहते. या लोकांत मधुमेह फार. तो का होतो हे शोधण्यासाठी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९९० पासून त्यांचे रक्त घेतले. लोकांनी आजार हटावा या आशेने ते दिले. पुढे त्यांच्या कानी आले की तेच रक्त मनाच्या आजाराच्या, आपसांतील नात्यांत होणाऱ्या लग्नांच्या, आणि त्यांचे पूर्वज कोठून आले याच्याही अभ्यासाला वापरले गेले. त्यांची श्रद्धा अशी की आपला जन्मच या दरीत झाला. अभ्यास म्हणत होता की पूर्वज आशियातून आले. आपल्याच रक्तातून आपल्या श्रद्धेविरुद्ध आणि अब्रूविरुद्ध लिहिले गेले, तेही न विचारता, याचे त्यांना फार दुःख झाले. प्रकरण कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली, विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्ताचे नमुने जमातीला परत केले.

यात रक्त चोरले गेले असे नव्हे. लोकांनी ते हाताने दिले होते. एका कामासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या कामाला गेली, हा दोष. म्हणून "रक्त कशासाठी" यापाठोपाठ "उरलेल्या रक्ताचे काय करणार" हा प्रश्न आलाच पाहिजे.

आपल्या देशातील नियम

आपल्याकडे माणसांवरील संशोधनाचे नियम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आय.सी.एम.आर., ठरवते. पहिले धोरण १९८० साली निघाले, त्यानंतर २०००, २००६ आणि २०१७ साली नियम वाढवत नेले. त्यांतले आपल्या उपयोगाचे तेवढे सांगतो.

संशोधनात भाग घेणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. काम काय, त्रास काय, फायदा कोणाला, माहिती गुप्त कशी राहणार, हे आपणांस समजणाऱ्या भाषेत सांगितले पाहिजे. घरी मराठी बोलणाऱ्या बाईपुढे इंग्रजी किंवा कानडी कागद ठेवून सही मागणे या नियमात बसत नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण त्या वेळी संशोधकांच्या मंडळींतील नसलेला एक साक्षीदार हजर हवा. संमतीपत्राची एक प्रत आपणांस मिळाली पाहिजे. मधेच "आता पुरे" म्हणण्याचा हक्क आपला आहे, आणि त्यावरून दवाखान्यातील औषधपाणी थांबवता येत नाही. लहान मुलांबाबत आईबापांची संमती लागते, आणि मूल सात वर्षांचे झाले की त्यालाही विचारावे लागते. फोटो छापायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी.

असे प्रत्येक संशोधन सुरू होण्याआधी एका नीतिमत्ता समितीपुढे जावे लागते. हिला एथिक्स कमिटी म्हणतात. तिच्यात सात ते पंधरा सभासद असतात. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा आणि एक साधा नागरिकही असतो, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो. २०१९ च्या नियमांनुसार आरोग्यविषयक संशोधनाच्या अशा समित्यांनी सरकारदरबारी नोंद करणे आवश्यक आहे. संमतीपत्रावर तिचा पत्ता किंवा फोन असतो. तक्रार करायची झाली तर तेथे करावी.

आता देशाच्या कायद्याकडे वळू. सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांतील मुख्य कलमे अमलात यायला नियमांच्या तारखेपासून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. हा कायदा मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर चढवलेल्या माहितीला लागू होतो. वहीत लिहून वहीतच राहिलेल्या माहितीला नाही.

या कायद्याने संशोधनाला पुष्कळ सूट दिली आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. पण सूट बिनशर्त नाही. एक अट अशी की त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाविषयी कोणताही निर्णय घेता कामा नये. दुसरी अशी की कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, गरज असेल तोवरच ठेवावी, आणि ती नीट राखावी. पहिली अट शेतकऱ्यासाठी मोलाची आहे. आपण पाहणीत कर्जाचा खरा आकडा सांगितला, तर त्यावरून शंभर गावांच्या कर्जबाजारीपणाचा अभ्यास व्हावा. पण तो आकडा पाहून बँकेने आपला अर्ज फेटाळला, किंवा विमेवाल्याने हप्ता वाढवला, तर ते संशोधन राहिले नाही. मग सूटही राहत नाही.

मात्र संशोधकाला सांगितलेली गोष्ट म्हणजे पापनिवेदनाचे गुपित नव्हे. धर्मगुरूंना ते गुपित कोणत्याही कारणाने फोडता येत नाही. संशोधकाला कोर्टाचा हुकूम आला, किंवा कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर बोलावे लागते. म्हणून विजेच्या तारेवर आकडा टाकला आहे का, जमिनीच्या वाटणीत भावाशी काय चालले आहे, अशा प्रश्नांना "याचे उत्तर मी देत नाही" असे सरळ म्हणावे. एक प्रश्न सोडला म्हणून बाकीची उत्तरे फुकट जात नाहीत. खोटे उत्तर देण्यापेक्षा न देणे केव्हाही चांगले, कारण खोट्या उत्तराने सगळ्यांचाच हिशेब बिघडतो.

आपल्या वतीने दुसऱ्याने "हो" म्हणणे

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग टाळणारी लस दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना देण्याचा एक अभ्यास-प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या पुष्कळ मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डनच्या सह्या आढळल्या. २०१० साली प्रकल्प थांबवण्यात आला आणि २०१३ साली संसदेच्या समितीने या सह्यांवर कडक टीका केली. लस वाईट होती असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तीच लस आज जगभर दिली जाते आणि ती उपयोगाची आहे. प्रश्न होता तो, आईबापांना न विचारता त्यांच्या मुलीसाठी "हो" कोण म्हणू शकतो, हा.

आपल्याकडेही हे सहज घडते. सरपंच म्हणतात, आमच्या गावाची हरकत नाही. महिला मंडळाची अध्यक्षा सर्वांची यादी देऊन टाकते. रविवारच्या मिस्सानंतर फादर सूचना देतात की उद्या हॉलमध्ये रक्त-तपासणी आहे, सर्वांनी यावे. सूचना देण्यात गैर काही नाही. पण ती सूचना म्हणजे आपली संमती नव्हे. आय.सी.एम.आर.चे नियमही हेच सांगतात, की गावच्या मुख्याची परवानगी प्रत्येक माणसाच्या संमतीची जागा घेत नाही. फादरांनी सांगितले म्हणून हॉलमध्ये जावे, पण तेथे गेल्यावर आपला प्रश्न आपणच विचारावा. घरात नवऱ्याने बायकोच्या वतीने किंवा सासूने सुनेच्या वतीने सही करू नये. सुनेची बाळंतपणे किती, कोठे झाली, हे तिलाच विचारावे, आणि तेही चारचौघांत नव्हे.

जनगणना आणि सरकारी नोंद वेगळी

येथे काहींचा गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. जनगणनेला येणारा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका संशोधक नव्हे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे त्या प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे. बदल्यात तोच कायदा आपणांस मोठे संरक्षण देतो. ती नोंद कुणाला पाहता येत नाही, आणि बहुतेक सर्व खटल्यांत ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. जुन्या रूढीचा मान राखून त्या कायद्यात असेही लिहिले आहे की ज्या बाईला रूढीमुळे नवऱ्याचे नाव घेता येत नाही तिच्यावर ते सांगण्याची सक्ती नाही.

क्षयरोगाची नोंदही वेगळी. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, कारण त्यात औषध वेळेवर मिळण्याचा आणि घरच्यांना जपण्याचा प्रश्न आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र २०१७ चा कायदा कडक आहे. काही ठरावीक प्रसंग सोडले तर रोग्याच्या लेखी संमतीवाचून त्याचा आजार कुणाला सांगता येत नाही.

चर्चची नोंदवही

आपल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या संशोधकांना फार हव्या असतात. इतिहासकारांना जुनी घराणी आणि स्थलांतर त्यांत सापडते, डॉक्टरांना साथी आणि बालमृत्यू. त्यांचे काम मोलाचे आहे. पण त्या वह्यांत दत्तक मुलांची, बाप नोंदवला नाही अशा मुलांचीही नोंद असते.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातील २२० वे कलम सांगते की कोणाच्याही सत्कीर्तीला अन्यायाने धक्का लावू नये, आणि कोणाच्याही खासगीपणाचा हक्क दुखवू नये. ५३५ वे कलम धर्मग्रामाच्या फादरांवर जबाबदारी टाकते की या वह्या परक्यांच्या हाती पडू नयेत. २००८ साली व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना पत्र लिहून, अमेरिकेतील एका वंशावळी संस्थेला धर्मग्रामाच्या नोंदवह्यांचे फोटो घेऊ देऊ नयेत, असे कळवले होते. तेव्हा संशोधक थेट मिशनरीत आले तर त्यांना बिशप कार्यालयाचे पत्र आणण्यास सांगावे. शंभर वर्षांपूर्वीची पाने दाखवणे वेगळे, आणि ज्यांची मुले आज शाळेत जातात त्यांची पाने दाखवणे वेगळे. कारभारी मंडळाने आणि चर्चच्या मदतनिसांनी वहीचे पान मोबाइलवर टिपून कुणाला पाठवू नये.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

हा भाग कापून दाराच्या मागे चिकटवून ठेवण्यास हरकत नाही.

१. आपण कोण, कोणत्या संस्थेचे? ओळखपत्र दाखवाल का?

२. ही माहिती कशासाठी? पैसा कोण देतो? सरकार, विद्यापीठ, की औषधाची किंवा बियाण्याची कंपनी?

३. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का? तिचा पत्ता या कागदावर कोठे आहे?

४. माझे नाव माहितीबरोबर राहणार, क्रमांक घालून वेगळे राहणार, की पुसले जाणार? नावांची यादी कोणाच्या ताब्यात?

५. गावाचे नाव छापणार का? आमचा समाज लहान आहे. त्याऐवजी तालुका लिहाल का?

६. रक्त उरले तर काय करणार? दुसऱ्या अभ्यासाला वापरायचे झाल्यास मला पुन्हा विचाराल का?

७. माहिती आणखी कोणाला देणार? परदेशी पाठवणार का?

८. तपासणीत आजार आढळला तर मला कळवाल का? कसे, आणि कोणासमोर?

९. नंतर माझे मन बदलले तर कोणाला सांगू?

१०. या कागदाची प्रत मला द्या.

खरा संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. त्याला ही उत्तरे द्यायला शिकवलेलेच असते. जो उत्तर टाळतो, घाई करतो किंवा "साहेबांनी सांगितले आहे" एवढेच म्हणतो, त्याला नंतर या म्हणावे.

आधारबाबत दोन शब्द. साध्या पाहणीला आधार क्रमांक लागत नाही. ओळख पटवायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी, झाकलेल्या क्रमांकाची आधार प्रत मिळते, ती द्यावी. बँकेचा क्रमांक फक्त प्रवासखर्चाचे पैसे खात्यात जमा करायचे असतील तरच द्यावा. मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. कोणत्याही संशोधनाला लागत नाही. तो मागणारा मनुष्य संशोधक नव्हे असे खुशाल समजावे. जमिनीचा उतारा तसाही कुणाला काढता येतो, तेव्हा तो दाखवण्यात भीती नाही. पण सोसायटीचे पासबुक ही आपली खासगी वस्तू आहे.

मुलगा कॉलेजात शिकत असेल तर त्याच्याकडून संमतीपत्र वाचून घ्यावे. तो नसेल तर शाळेतील गुरुजी किंवा सिस्टर यांच्याकडून घ्यावे. "घरच्यांना विचारून उद्या सांगतो" असे म्हणण्यात कमीपणा नाही. नियमाप्रमाणे विचार करायला वेळ मिळणे हाही आपला हक्कच आहे. पाहणी झाल्यावर आपली प्रत रेशन कार्डाबरोबर त्याच पिशवीत ठेवावी. पुढे अहवालात आपले वर्णन ओळखू येईल असे दिसले, तर त्या कागदावरील पत्त्यावर साधे पत्र टाकावे, तारीख घालून, आणि पत्राची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.

जे फवारणीचे विष आज आपल्या अंगात जाते, जे पाणी आपली मुले पितात, त्यांचा अभ्यास आपल्या उत्तरांवाचून होणार नाही. उद्याच्या शेतकऱ्याला त्याचा लाभ व्हावा म्हणून ती उत्तरे द्यावी, मनापासून द्यावी. प्रभूने आपणांस शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितले आहे, आणि ज्याला आपण कधी पाहणार नाही असा पुढच्या पिढीतला रोगीही आपला शेजारीच आहे. फक्त घरातील दुबळ्या माणसाची, लग्नाच्या मुलीची, आजारी सुनेची, म्हाताऱ्या आईची अब्रू आपल्या हाती आहे, एवढे विसरू नये. पुढच्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत हे दहा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत अशी आमची विनंती आहे.